भास्कर भास्कर भा

पुण्यात जर्मनच्या वरच्या वर्गात असताना आम्हाला गोएथेच्या ‘रोमन एलेजी’ या कवितामालेतली पाचवी कविता मराठीत करून आणायला सांगितली होती. कोशात पाहिलं, तर एलेजी म्हणजे विलापिका. वहीच्या डोक्यावर ‘रोमन विलापिका’ असं लिहून कामाला लागले आणि चार-सहा ओळींतच थबकले. या कवितेत कुणी मेलेलं नाही, कुणी कुणाला सोडून गेलेलं नाही. रोममध्ये रमलेला एक माणूस दिवसा जुने ग्रंथ चाळतो, रात्र प्रेयसीजवळ काढतो, आणि ती झोपली की तिच्या पाठीवर हलक्या बोटांनी हेक्झामीटर या जुन्या वृत्ताचा ठेका मोजत बसतो. इतक्या तृप्त कवितेला विलापिका का म्हणायचं? शिक्षकांना विचारलं तर म्हणाले, “तो रचनेचा प्रकार आहे, भावनेचा नाही.” तास संपत आला होता. मी शीर्षक खोडून ‘रोमन प्रेमकविता’ केलं. प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि पुढे बारा-तेरा वर्षं मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

वळावं लागलं ते दादामुळे.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मे 2021 मध्ये तो सांगलीत गेला. मी तेव्हा जर्मनीत, ट्युबिंगेनला होते. विमानांची ये-जा तुटपुंजी, तपासण्यांचे कागद रोज बदलणारे; मला पोहोचता आलं नाही. चुलतभावाने अस्थी नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमात सोडल्या, आणि मी ते स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून फोनच्या पडद्यावर पाहिलं. नेमकं त्या क्षणी चित्र गोठलं. त्याचा हात पाण्यावर तसाच धरलेला राहिला. पुन्हा सुरू झालं तेव्हा सगळे घाटाच्या पायऱ्या चढून वर येत होते.

त्यानंतर वर्षभर मी काहीतरी लिहायचा प्रयत्न करत होते. विलापिकाच लिहायची, असं मनाशी धरलं होतं. शब्द सरळ आहे, विलाप त्याच्या पोटातच आहे, तेव्हा विलाप करायचा. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं की प्रत्येक ओळ रडत असायची आणि एकाही ओळीत दादा नसायचा. कुणाच्याही भावावर चालल्या असत्या अशा ओळी. त्या मी फाडल्या नाहीत, पण कुणाला दाखवल्याही नाहीत.

इथे गावोगावी नागरिकांसाठी संध्याकाळचे वर्ग चालतात, त्याला फोक्सहोखशूल म्हणतात. 2022च्या शरदात तिथे लॅटिनच्या वर्गाला नाव घातलं. दादाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता; संध्याकाळी घरी बसवत नव्हतं, एवढंच. आम्ही सातजण होतो. शिकवायला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. पहिलं वर्ष विभक्ती आणि धातुरूपांत गेलं. आठ विभक्त्या घोकलेल्या माणसाला सहा विभक्त्या जड नाहीत, त्यामुळे त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात बाईंनी दहा ओळींचा एक कागद सगळ्यांना वाटला आणि म्हणाल्या, “आज अर्थ लावायचा नाही. आज फक्त मोजायचं.”

फळ्यावर त्यांनी खुणा काढल्या. आडवी रेघ म्हणजे दीर्घ, छोटा अर्धचंद्र म्हणजे ऱ्हस्व. मी त्या खुणांकडे बघतच राहिले. नववी-दहावीच्या मराठीच्या वहीत, वृत्तं ओळखताना, याच खुणा मी अक्षरांच्या डोक्यावर काढल्या होत्या. मग बाईंनी नियम सांगितला: स्वर ऱ्हस्व असला तरी पुढे दोन व्यंजनं आली की ते अक्षर दीर्घ धरायचं. जर्मन मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचा कान कवितेत अक्षराची लांबी मोजत नाही, आघात मोजतो. मला मात्र आमच्या मराठीच्या सरांचा आवाज ऐकू आला: जोडाक्षरामागचं लघु अक्षर गुरू होतं. यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा.

बाईंनी ज्याला डॅक्टिल म्हटलं, एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व, तो आपला भ गण. भास्कर. हेक्झामीटर म्हणजे सहा पावलांची ओळ: पाच भास्कर आणि शेवटी दोन अक्षरं. वाटेत कुठल्याही भास्कराच्या जागी दोन गुरू चालतात, पाचव्या ठिकाणी मात्र सहसा नाही. ही ओळ एकटीच एकामागून एक आली की महाकाव्य होतं. होमरचं सगळं याच ओळीत आहे. पण या सहा पावलांच्या ओळीखाली एक आखूड ओळ ठेवली की एलेजीची द्विपदी होते. आखूड ओळीला पेंटामीटर म्हणतात, म्हणजे पाच पावलांची. पाच कशी, ते बाईंनी टेबलावर वाजवून दाखवलं. अडीच, मग थांबा, मग अडीच. मी वहीत देवनागरीत लिहिलं: भास्कर भास्कर भा । भास्कर भास्कर भा.

त्या उभ्या दंडापाशी बाईंचा हात टेबलाच्या वर अधांतरी थांबायचा.

मग त्यांनी शिलरची एक द्विपदी ऐकवली, जर्मन मुलांना शाळेत शिकवतात ती. हेक्झामीटरमध्ये कारंज्याचा खांब वर चढतो, पेंटामीटरमध्ये तो सुरात खाली येतो. माझा जुना प्रश्न मी तिथेच विचारून टाकला. गोएथेच्या त्या कवितांना एलेजी का म्हणतात? बाई म्हणाल्या, “कारण त्या अशा चालतात.”

पुढचे दोन-तीन आठवडे त्यांनी आम्हाला शब्दाच्या मुळाशी नेलं, आणि मला ‘विलापिका’ या शब्दाने किती लांब चकवलं होतं ते कळत गेलं. ग्रीकमध्ये ‘एलेगोस’ हा शब्द शोकगीतासाठी येतो खरा. तो औलोसच्या साथीने गायचा, म्हणजे सनईसारखं पातीचं जोडवाद्य. प्राचीन काळी त्याची व्युत्पत्तीही तशीच सांगत: ‘ए, ए’ असं म्हणणं, म्हणजे आपलं ‘हाय हाय’. पण त्याच द्विपदीत ग्रीकांनी सगळं जग मावून घेतलं. तिर्तायोसने तिच्यात स्पार्टाच्या सैनिकांना लढायला उभं केलं. अथेन्सच्या सोलोनने सालामिस बेट परत घ्या म्हणून लोकांना चेतवलं, आणि राज्यकारभारावरची आपली मतंही तिच्यातच मांडली. मिम्नेर्मोसने म्हातारपणाची भीती लिहिली. शिवाय दगडावर कोरायला दोन ओळी सोयीच्या, म्हणून थडग्यांवर ही द्विपदी गेली. थर्मोपिलीला इ.स.पू. 480 मध्ये पडलेल्या स्पार्टन सैनिकांसाठी कोरलेल्या ओळी तशाच आहेत: वाटसरू, स्पार्टाच्या लोकांना जाऊन सांग, त्यांची आज्ञा पाळून आम्ही इथे पडलो आहोत. बस, एवढंच. ना विशेषण, ना अश्रू. ती वाचल्यावर मी माझ्या त्या जुन्या ओळींची वही कपाटाच्या मागच्या बाजूला सरकवली.

ही द्विपदी प्रथम कुणी रचली यावर पंडितांचं भांडण रोमन कवी होरेसच्या काळातही चालू होतं. त्याने लिहून ठेवलंय की हा खटला अजून न्यायाधीशापुढेच आहे. होरेस या ओळींना विषम जोडीच्या ओळी म्हणतो. रोमन कवींनी ती प्रेमाला दिली: तिबुल्लुस, प्रोपेर्तियुस आणि ओव्हिड. ओव्हिड तर सांगतो, मी युद्धावर लिहायला बसलो होतो, कामदेव हसला आणि त्याने दुसऱ्या ओळीतलं एक पाऊल चोरलं. पुढे एका कवितेत एलेजी स्वतःच स्त्री होऊन त्याच्यापुढे येते. केसांना सुगंध, अंगावर झिरझिरीत वस्त्र, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब. चालीतला तो दोषसुद्धा तिला शोभत होता, असं तो म्हणतो. मग तिबुल्लुस तरुणपणीच वारला. ओव्हिडने याच एलेजीला हाक मारली: केस सोड, तुझं नाव आता फारच खरं ठरलं. मला या ओळीने हलवलं. शतकानुशतकं युद्ध, राजकारण, प्रेम अशी फिरून आलेली बाई, आणि मित्र गेल्यावर कवी तिला तिच्या नावाची आठवण करून देतो.

गोएथे 1788 मध्ये इटलीहून परतला आणि त्याने जर्मनमध्ये ही चाल बसवली. 1795 मध्ये शिलरच्या मासिकात त्या कविता छापून आल्या. प्रेयसीच्या पाठीवरचा तो ठेका मला आता ऐकू येत होता. बारा वर्षांपूर्वी मी त्यातले शब्द तेवढे मराठीत आणले होते, बोटं आणली नव्हती.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी बाईंनी सांगितलं, आपापल्या भाषेतली एलेजी घेऊन या. वर्गात स्पेनची एक परिचारिका होती, एक पोलिश गृहस्थ, एक रशियन आजी, इंग्लंडहून आलेला एक तरुण, दोन जर्मन आणि मी. त्या दीड तासात हा शब्द किती तोंडांतून गेला! स्पॅनिशमध्ये एलेखीआ, रशियनमध्ये एलेगिया, इंग्रजीत एलिजी, जर्मनमध्ये शेवटावर जोर देऊन एलेगी. शब्द एकच, पण प्रत्येक भाषेने त्यातलं जे हवं ते ठेवून घेतलेलं.

इंग्रजांनी भाव ठेवला आणि माप सोडलं. मधल्या काळात डनसारख्या कवीने तिकडेही प्रेमकवितांना एलेजी म्हटलं होतं. पण 1751 मध्ये थॉमस ग्रे या कवीची खेड्यातल्या दफनभूमीवरची कविता आली, आणि मग एलेजी म्हणजे मृत्यूवरची कविता हेच रूढ झालं. ग्रेने वापरलेलं चार सारख्या लांबीच्या ओळींचं कडवंच तिथे एलेजीचं कडवं म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आपल्याकडे शब्द आला तो इंग्रजीच्या दारातून, म्हणून आपण विलापिका केलं. इंग्रजी शब्दाशी ते भाषांतर प्रामाणिक आहे, गोएथेच्या कवितेला तेवढं लावता येत नाही. रशियन आजींनी सांगितलं की त्यांच्याकडेही ग्रेच आला: झुकोव्हस्कीने 1802 मध्ये ती कविता रशियनमध्ये केली आणि तिथून त्यांची एलेगिया बहरली. मग त्यांनी पुश्किनची ‘एलेगिया’ नावाचीच कविता म्हटली. तिच्यात कुणी मरत नाही. ओसरलेल्या वेड्या वर्षांची शिणलेली आठवण आहे, आणि तरीही मला जगायचंय असा हट्ट आहे. आजींनी डोळे मिटून ती म्हटली. आम्हा बाकीच्यांना शब्द कळत नव्हते, तरी कुणी कागदाकडे पाहिलं नाही.

स्पेनच्या मुलीने मिगेल एर्नांदेसची एलेखीआ आणली होती, ऐन तारुण्यात गेलेल्या गावच्या मित्रावरची, 1936 मध्ये पुस्तकात आलेली. ती द्विपदीत नाही, एकात एक गुंफलेल्या तीन-तीन ओळींत आहे. जमीन दातांनी उकरून काढीन, तुझी कवटी शोधून तिचं चुंबन घेईन, असं त्यात आहे. वाचताना तिचा आवाज चढत गेला आणि अखेरीस मित्राला ‘सोबत्या’ अशी हाक मारताना एकदम खाली आला. पोलिश गृहस्थ मात्र म्हणाले, आमच्याकडे एलेगिया आहे, पण मी दुसरा शब्द आणलाय: ‘ट्रेन’. ग्रीक ‘थ्रेनोस’वरून. यान कोखानोव्हस्कीची अडीच वर्षांची लेक ऊर्शुला गेली. त्याने तिच्यासाठी एकोणीस कविता लिहिल्या आणि 1580 मध्ये छापल्या. त्या काळी थोरामोठ्यांसाठी राखलेला तो काव्यप्रकार त्याने एका लहानग्या मुलीला दिला. तिचे लहान कपडे, घरातली शांतता. गृहस्थांनी दोनच कविता वाचल्या आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हतं. मी म्हटलं, माझ्या भाषेतलं मी पुढच्या वेळी आणते.

त्या रात्री घरी जाऊन मी बाईंनी नोव्हेंबरात दिलेला दहा ओळींचा कागद काढला. ती कातुल्लुसची कविता होती, एकशे एक क्रमांकाची. कातुल्लुस उत्तर इटलीतल्या व्हेरोनाचा. त्याचा भाऊ दूर त्रोआदात, जुन्या ट्रॉयच्या परिसरात वारला आणि तिथेच पुरला गेला. कवीला तिथे पोहोचायला उशीर झाला. अनेक देश, अनेक समुद्र ओलांडून मी आलो आहे, भावा, या दुःखी तर्पणासाठी, अशी सुरुवात आहे. ‘इन्फेरिए’ हा लॅटिन शब्द मृतांना द्यायच्या अर्पणासाठी आहे. तर्पण किंवा पिंड याहून जवळचं मला काही सुचत नाही. मुक्या राखेशी मी व्यर्थ बोलायला आलोय, असंही तो म्हणतो. पूर्वजांच्या रीतीप्रमाणे हे घे, असंही.

मी पेन्सिल घेऊन खुणा करत बसले. पहिली ओळ सरळ गेली. दुसरीत एक अक्षर जास्त येत होतं. ‘आदवेनिओ हास’ यातला ओ कुठेच बसेना. बाईंनी वर्गात सांगितलेलं आठवलं: शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढच्याची सुरुवात स्वराने, किंवा ह असला तरी तो मोजायचा नाही, तर दोन्ही एकमेकांत विरतात. संधीच की. मोजलं, आणि ओळ बसली. आदवेनिओ हास मिसेरास । फ्रातेर आद इन्फेरिआस.

थांबा ‘फ्रातेर’च्या आधी येत होता.

फ्रातेर म्हणजे भ्राता, हे सांगायलाही नको. एकाच मुळाचे दोन शब्द. मी पुढे गेले. सहावी ओळ: हाय, माझ्यापासून अन्यायाने हिरावलेल्या भावा. थांबा, मग फ्रातेर. दहावी, शेवटची ओळ: आणि कायमचं, भावा, नमस्कार आणि निरोप. ‘आवे आत्क्वे वाले’. भेटीचा नमस्कार आणि ‘सुखी अस’ हा निरोप, दोन्ही एका श्वासात. तिथेही थांबा, मग फ्रातेर. कवितेत पाच आखूड ओळी आहेत, त्यांतल्या तीन ओळींत तो भावाला हाक मारतो, आणि तिन्ही वेळा हाक त्या अधांतरी क्षणानंतरच येते. तंत्राचं कारण सांगता येईल: दीर्घ-ऱ्हस्व असा हा शब्द, पुढचा शब्द स्वराने सुरू होणारा, त्यामुळे दुसऱ्या अर्ध्याची सुरुवात त्याला मानवते. पण शब्द कुठेही बसवता येईल इतका हा कवी हाताने तयार होता. त्याने तो तिथे ठेवला. ओळ अर्ध्यावर येते, आवाज थांबतो, हात वर राहतो, आणि मग भावा.

टेबल तेच होतं, ज्याच्यापाशी बसून मी फोनवर तो गोठलेला हात पाहिला होता. मी बराच वेळ उठले नाही.

जानेवारीत मी ही चाल पायांत घालायला लागले. ट्युबिंगेनला नेकार नदीच्या मधल्या बेटावर चिनाराच्या जातीच्या जुन्या झाडांची दुतर्फा रांग आहे. पलीकडच्या काठावर तो पिवळा मनोरा दिसतो जिथे होल्डर्लिन हा जर्मन कवी 1807 पासून 1843 मध्ये वारेपर्यंत राहिला, एका सुताराच्या घरच्यांनी त्याला सांभाळलं. त्याची ‘भाकरी आणि वाइन’ ही एलेजी मी मोठ्याने म्हणत चालायची. भोवती गाव विसावतंय, उजळलेली गल्ली शांत होतेय, आणि मशालींनी सजलेल्या । गाड्या घरघरत निघून जातात. जर्मनमध्ये लांबीऐवजी आघात मोजतात, आणि थांब्याच्या अलीकडे-पलीकडे दोन आघात शेजारी येतात. एरवी ही भाषा दोन आघातांमध्ये काहीतरी हलकं ठेवते. इथे ठेवत नाही, म्हणून जीभ थांबतेच. पायही थांबतो. सहा पावलं, मग अडीच, उभं राहणं, अडीच. बर्फ पडलेल्या दिवसांत माझ्या पावलांचे ठसे मागे वळून पाहिले तर त्यांतही ती खाच दिसायची.

मग मराठीत. भ गण मराठीला परका नाही, पण आपण तो सहसा या रीतीने चालवत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पहिली द्विपदी हाती आली:

दूर किती तरि देश नि सागर सोडुन आले,
घेउन ओंजळ ही । भाउ, तुझ्यास्तव रे.

मोजून पाहा, बसते. कातुल्लुसच्या हाकेची जागाही साधली होती. आणि ती खोटी होती. मी दादाला आयुष्यात कधी ‘भाउ’ म्हटलेलं नाही. ‘तुझ्यास्तव’ हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलेला नाही. पण ‘दादा’ म्हणजे दोन गुरू, आणि आखूड ओळीच्या दुसऱ्या अर्ध्यात भास्कराच्या जागी दोन गुरू चालत नाहीत. पहिल्या अर्ध्यात चालतात, दुसऱ्यात नाही. ज्या जागी लॅटिनला फ्रातेर ठेवता आला, त्या जागी मराठीत माझा दादा मावतच नव्हता. महिना गेला. ‘दादूस’ करून पाहिलं, ‘बंधो’ करून पाहिलं. ते लिहितानाच हात मागे यायचा.

याच काळात सांगलीला आत्याशी फोनवर बोलत होते. आत्याने शाळेत संस्कृत शिकवलं, आता ऐंशी पार केलीय. तिला सगळं सांगितलं, विषम ओळी, थांबा, सगळं. ती म्हणाली, “अगं, मग अजविलाप काढून बघ की. ‘गृहिणी सचिवः सखी मिथः, प्रियशिष्या ललिते कलाविधौ.’ मोज.” आत्या मोज म्हणाली की मोजावंच लागतं. पहिल्या चरणात दहा अक्षरं, दुसऱ्यात अकरा. स स ज ग, मग स भ र ल ग. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात इंदुमती गेल्यावर अजाला याच वृत्तात बोलायला लावलं, आणि ‘कुमारसंभवा’त मदन जळाल्यावर रतीलाही. वृत्ताचं नाव वियोगिनी. ग्रीकांची दुसरी ओळ आखूड, इथे दुसरा चरण एका अक्षराने लांब. नातं आहे असा दावा मला करायचा नाही आणि करताही येणार नाही. पण दोन्हीकडे दुःखाला समान पायांवर चालवलेलं नाही, हे खरं. आत्याने फोनवरच चार-पाच श्लोक चालीत म्हटले. शेवटी म्हणाली, “त्याला दादाच म्हण. मोडलं वृत्त तर मोडू दे.”

मोडावं लागलं नाही. एका संध्याकाळी बेटावर चालताना लक्षात आलं की दोन गुरूंना हक्काची एक जागा आहेच: लांब ओळीचा शेवट. तिथे सहावं पाऊल दोन गुरूंचंच असतं.

दूर किती तरि देश नि सागर सोडुन, दादा,
ओंजळ घेउन मी । आज इथे बसले.

हाक वरच्या ओळीच्या टोकाला गेली. थांबा आता ‘मी’च्या नंतर येतो. कातुल्लुसकडून जे उचलायचं होतं ते असं निसटलं, त्याची मला हळहळ आहे. पण ही ओळ मी सांगलीतल्या आमच्या दारात उभी राहून म्हणू शकते. मार्चमध्ये ती वर्गात वाचली, आधी देवनागरी खुणांसकट फळ्यावर लिहून. अर्थ मी नंतर सांगितला. बाईंनी टेबलावर हात वाजवला, आणि बरोबर जागी थांबवला.

पुढच्या जानेवारीत वाडीला गेले. चुलतभाऊ सोबत होता. संगमाचं पाणी खाली गेलेलं, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या, त्यांवर शेवाळ वाळलेलं. त्याने बोट दाखवून सांगितलं, इथे. मी विचारलं, फोन बंद पडला तेव्हा तू काय केलंस? तो म्हणाला, “काही नाही गं, वारा सुटला होता, म्हणून जरा थांबलो. राख अंगावर येत होती.” म्हणजे चित्र गोठलं तेव्हा तिकडे त्याचा हातही खरोखर थांबलेला होता. आम्ही ओंजळीने पाणी सोडलं. मी मनात द्विपदी म्हटली. त्याला वाचून दाखवली नाही. परतीच्या वाटेत गाडीत दाखवली, तेव्हा त्याने ती दोनदा म्हणून घेतली.

दुसरी द्विपदी तिथेच, सांगलीच्या मुक्कामात झाली. मी पुण्याला शिकत असताना रात्रीच्या एसटीने घरी यायचे आणि दादा स्टँडवर घ्यायला यायचा, तेव्हाची आहे. ‘स्कूटर’ हा शब्द भ गणात नेमका बसतो.

आठव, पाउस होता, रात्र नि लाइट गेले,
स्कूटर लावुन तू । हाक दिलीस मला.

कातुल्लुसच्या पाच आहेत. माझी तिसरी अजून अर्धीच आहे. तिच्यात आई येते, आणि आई म्हणजेही दोन गुरू.